तुझ्या सहीची जागा

प्रिय मनू,

लाडूचा डबा आधी उघडला असशील, मला माहीत आहे. हे पत्र मुद्दाम पॅडच्या पिशवीत ठेवलंय. तुमच्या वॉर्डन मॅडम डबे उघडून बघतात, पण त्या पिशवीला हात लावत नाहीत. सतरा वर्षं दवाखान्यात काढल्यावर कुठली वस्तू कुठे सुरक्षित राहते एवढं कळतं माणसाला.

रविवारी फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझ्या वाट्याला दहा मिनिटं, मागे रांगेत सहा पोरी, आणि तू नुसतं "हां मम्मी, हो मम्मी" करत राहिली असतीस. म्हणून लिहायला बसले. तीन नाइटमध्ये मिळून लिहिलंय. अक्षर मध्येच बदललेलं दिसेल, कारण डिलिव्हरी आली की पेन टाकून उठावं लागतं.

जूनमध्ये तुला लातूरला सोडायला आलो तेव्हा हॉस्टेलच्या ऑफिसात माझ्या किती सह्या झाल्या ते तू मोजत होतीस. नऊ. फीचा कागद, नियमांचा, मोबाईल जमा करण्याचा, सुट्टीत न्यायला कोण येणार त्याचा. सातवा कागद होता, 'पाल्य आजारी पडल्यास आवश्यक ते वैद्यकीय उपचार करण्यास माझी संमती आहे.' मी सही केली आणि तू विचारलंस, "यावर माझी सही कुठंय?" क्लार्क हसला. "तुझी लागत नाही बेटा, तू मायनर आहेस." पप्पा हसले. मीही हसले असेन. तू मात्र बॅगेची चेन ओढत-सोडत बसलीस.

येताना अंबाजोगाई येईपर्यंत पप्पा शेजारी झोपले होते आणि मी त्या सातव्या कागदाचाच विचार करत होते. तू सोळाची. पाळी येऊन चार वर्षं झाली. अंग तुझं, दुखणार तुला, आणि कागदावर नाव माझं. नर्स असून यात आजवर काहीच खटकलं नव्हतं असं म्हणाले तर ते खोटं होईल. एकदा खटकलं होतं, पण फार उशिरा. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं मी तुला का सांगतेय ते कळेल.

तेव्हा तू दुसरीत होतीस आणि मी दुसऱ्या दवाखान्यात होते. दुपारची वेळ, ओपीडी संपत आलेली. एक पोरगी आली, कॉलेजच्या ड्रेसमध्ये, एकटी. केसपेपरवर वयाच्या जागी १९ लिहून खोडलं होतं आणि वर १७ केलं होतं. काय होतंय विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय. मग जरा वेळाने, खाली पण दुखतं. मग टेबलाकडे बघत, अंगावरून जातं, वास येतो. आणि मी, मनू, आमच्या ओपीडीत आम्ही जसं विचारतो तसं, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लग्न झालंय का?" बाकावरच्या चारही बाया वळून तिच्याकडे बघायला लागल्या. ती काही बोलली नाही. मी म्हणाले, "आईला घेऊन ये, मग मॅडमला दाखवू."

तिने मान हलवली, केसपेपरची चार वेळा घडी घातली आणि गेली. तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली. निळी, झाकणाला रबर लावलेली. आईला घेऊन येईल तेव्हा देऊ म्हणून मी ती स्टोअरच्या खिडकीत ठेवली. दोन महिन्यांनी सफाईवाल्या मावशींनी विचारलं, "सिस्टर, ही कुणाची?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती आलीच नाही.

तिला काय हवं होतं? कुणीतरी पडद्याआड नेऊन हळू आवाजात दोन प्रश्न विचारायला हवे होते, लेडी डॉक्टरने तपासायला हवं होतं, आणि बहुधा आठवड्याभराच्या गोळ्या. एवढ्याला आईच पाहिजे असा नियम मला कुणी कधी दाखवला नव्हता. तो मी मनाने लावला होता. तसं करायची सवय होती, आणि आईला विचारलं की आपल्या अंगावर काही येत नाही ही सोय होती. मग ती कुठे गेली असेल? डिग्री नसलेल्या बंगाली डॉक्टरकडे, मेडिकलवाल्याकडे, की कुठेच नाही? माझ्याकडे याचं उत्तर नाही. बाटली मावशींनी नेली.

आता कायद्याचं सांगते. कंटाळू नकोस. बायोलॉजीत हे येत नाही, पण कामाला बायोलॉजीपेक्षा आधी येईल.

आपल्याकडे वयाची एकच रेघ नाहीये. करार करायचा, जमीन विकायची तर अठरा. जुन्या दंड संहितेत आणि तिच्या जागी २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत बाराच्या आतल्या लेकराची संमती ही संमती धरतच नाहीत. मग बाराच्या पुढे? तिथे कायदा नीट तोंड उघडत नाही. काही वकील म्हणतात, साध्या तपासणीला बारा पूर्ण झालेल्या मुलाची संमती चालते. डॉक्टर म्हणतात, उद्या बाप भांडायला आला तर वकील येणार आहे का? म्हणून ते अठराच धरतात. ही मधली सहा वर्षं कुणाच्याच नावावर नाहीत, मनू. आणि नेमक्या याच सहा वर्षांत पाळी सुरू होते, पीसीओडी निघतो, अंगावरून जातं, कुणीतरी आवडायला लागतं.

गंमत अशी, की एखाद्या औषधावर संशोधन करायचं असेल तर आयसीएमआरचे, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेचे, २०१७ चे नियम सांगतात, की सात वर्षांच्या पुढच्या मुलाचा तोंडी होकार घ्या आणि बाराच्या पुढे लेखी घ्या, आई-बापाची सही असली तरीही. म्हणजे प्रयोगात सामील करून घ्यायचं तर पोरीला विचारायचं आणि तिचं स्वतःचं दुखणं असेल तर तिच्या आईला.

तुला नुसतं बोलायचं असेल, पाळीचं विचारायचं असेल, अंगावरून जातंय, खाज येतेय, गाठ लागतेय असं काही असेल, तर सरकारी दवाखान्यात दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी वेगळी खोली असते. आपल्या राज्यात तिला मैत्री क्लिनिक म्हणतात. २०१४ च्या जानेवारीत केंद्राने किशोरांसाठीचा कार्यक्रम काढला, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्यातलीच. तिथे एक समुपदेशक बसते आणि ऐकून घेणं हेच तिचं काम असतं. पाटी असते, कधी कधी कुलूपही असतं, ते मी लपवत नाही. पण कुलूप नसेल तर तिथे मला सोबत न नेता जा. मला नंतर सांगितलंस तरी चालेल. नाही सांगितलंस तरी चालेल, हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

पुढचा भाग अवघड आहे.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात साफ लिहिलंय, की अठराच्या आतल्या मुलीचा गर्भपात पालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. आमच्याकडे त्याचा फॉर्म सी असतो. मी तो कितीदा भरून घेतलाय त्याचा हिशोब नाही. वरच्या भागात मजकूर आहे, मी अमुक, वय इतकं, राहणार तमुक, माझा गर्भपात करण्यास संमती देते. त्याखाली दुसरा मजकूर आहे, तो मुलगी अल्पवयीन असेल तर पालकाने भरायचा, माझ्या पाल्याचा गर्भपात करण्यास मी संमती देतो. अठरा वर्षं एक दिवसाची बाई आली तर 'मी' वर सही करते. सतरा वर्षं अकरा महिन्यांची आली तर 'मी' रिकामा राहतो आणि खाली कुणीतरी दुसरं तिच्या वतीने 'मी' म्हणतं. त्या रिकाम्या ओळीवरून माझं पेन नेहमी सरळ खाली गेलं. तुझा प्रश्न ऐकेपर्यंत मी तिथे थांबून बघितलं नव्हतं.

पण याच कायद्यातली दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. पालक म्हणजे आई किंवा बापच, असं त्यात लिहिलेलं नाही. अल्पवयीन मुलीचा सांभाळ जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे आहे, ती व्यक्ती. आणि गुप्ततेबद्दल कायदा कडक आहे. तो संमतीचा कागद लखोट्यात घालून बंद करतात, वर 'गोपनीय' लिहितात. नाव एकाच रजिस्टरमध्ये राहतं आणि ते कुलपात असतं. वॉर्डमधल्या बाकी कागदांवर फक्त नंबर आणि साल. २०२१ च्या दुरुस्तीपासून नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. तेव्हा दवाखान्यातून गावभर होईल ही भीती खोटी नसली, तरी तसं करणारा गुन्हा करतो, हे लक्षात ठेव.

त्याच दुरुस्तीने आठवडे वाढवले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस यात दोन डॉक्टरांचं लागतं आणि ते ठरावीक बायकांनाच, त्यात अल्पवयीन मुली येतात. चोवीसच्या पुढे, बाळात मोठं व्यंग असल्याचं मेडिकल बोर्डाने सांगितलं नसेल तर, कोर्टाची पायरी. हे आकडे परीक्षेसाठी देत नाहीये. पोरी उशिरा का येतात माहितीये? पहिला महिना पाळी मागेपुढे होते म्हणण्यात जातो. दुसरा, कुणाला सांगू यात. तिसरा, आई ओरडेल यात. चौथ्यात पोट दिसायला लागतं आणि मग आईच हाताला धरून आणते. सहीच्या भीतीत तीन महिने जातात, आणि सही शेवटी लागतेच.

आणि पोक्सो. हा शब्द तू वर्तमानपत्रात वाचतेस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा हा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून आहे. त्याच्या दृष्टीने अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल, आणि मुलाने 'हो' म्हटलं तरी ते 'हो' धरत नाहीत. त्याआधी ही रेघ सोळावर होती. आता सतराच्या मुलीच्या आवडीच्या मुलालाही तोच कायदा लागतो जो चौदाच्या पोरीच्या नात्यातल्या राक्षसाला लागतो. मुलगी गरोदर राहिली असेल तर शिक्षा किमान वीस वर्षं. मुलगाही अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. आणि ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. डॉक्टरला, नर्सला, शिक्षकाला. 'कोणतीही व्यक्ती' असं कलमात आहे. म्हणजे तुझी मम्मीही.

हा कायदा मला नकोय असं मुळीच नाही. चौदाची पोरगी आत्याच्या नवऱ्याबरोबर दवाखान्यात आलेली मी बघितलीये, ती त्याच्याकडे बघत नव्हती आणि तो तिच्या वतीने सगळी उत्तरं देत होता. तेव्हा हाच कायदा हाताशी होता म्हणून डॉक्टर मॅडमनी त्याला बाहेर बसवलं आणि एमएलसी केली, म्हणजे पोलिसांत जाणारी नोंद. अशा पोरीसाठी पोलिसांनाही बंधनं आहेत. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, वर्दीशिवाय, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. तपासणी लेडी डॉक्टरनेच करायची आणि आई-बाप नको असतील तर मुलीचा विश्वास असेल ते माणूस जवळ राहू शकतं. हे पाठ करून ठेव, तुझ्यासाठी नाही तर बाजूच्या कॉटवरच्या मैत्रिणीसाठी.

पण दुसरी बाजूही माझ्याच रजिस्टरमध्ये आहे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा पोरगं कोयत्याला लावायचं तर आधी त्याचं लग्न पाहिजे. २०१९-२१ च्या सर्व्हेत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. आपल्या भागात तर मला आकडाही नको, मी डोळ्यांनी बघते. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं, की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्यालाही सूट नाही. बरोबरच आहे. आता डोळ्यासमोर आण, सतरा वर्षांची पोरगी तिसऱ्या महिन्यात तपासणीला आली, हिमोग्लोबिन साडेसात, मागे सासू. आशाताई माझ्या कानात म्हणते, "सिस्टर, वय अठरा लिहा ना. नाहीतर पुढच्या वेळी येणार नाही ती." मी लिहिलं नाही. खोटं वय लिहायचं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकले. ती पुढच्या वेळी आली नाही.

ती निळी बाटली आणि ही पोरगी, दोघी माझ्या डोक्यात शेजारी बसतात. पहिल्यांदा माझं चुकलं. दुसऱ्यांदा माझं चुकलं नाही. पोरगी दोन्ही वेळा गेली.

सुप्रीम कोर्टाला हे कळत नाही असं नाही. २९ सप्टेंबर २०२२ ला न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं, की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. कळवायचं, पण नाव न सांगता. चांगली वाट काढली. आमच्यासारख्या तालुक्याच्या दवाखान्यांत ती पोचायला वेळ लागतोय. पुढच्याच वर्षी विधी आयोगाने, म्हणजे सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणाऱ्या मंडळाने, मात्र सांगितलं, की वय अठराच राहू द्या, सोळा-अठराच्या मधल्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशांनी तारतम्य ठेवावं. माझं मत विचारशील तर, दुपारी ओपीडीत एक असतं आणि रात्री तुझा विचार करताना दुसरं.

एक केस तुला सांगायलाच हवी, आपल्या महाराष्ट्रातली. २०२४ च्या एप्रिलमधली. चौदा वर्षांची मुलगी, अत्याचारातून गरोदर, कळलं तेव्हा फार उशीर झालेला. मुंबई हायकोर्टाने नाही म्हटलं. आई सुप्रीम कोर्टात गेली. २२ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, तेव्हा जवळपास तीस आठवडे झाले होते. आठवड्याभरात आई-बापाला मुलीच्या जिवाची काळजी वाटायला लागली, त्यांनी नको म्हटलं आणि २९ तारखेला कोर्टाने आपला आदेश मागे घेतला. पेपरात एवढंच आलं. पण नंतर जो सविस्तर निकाल आला त्यात कोर्टाने लिहिलंय, की अशा निर्णयात गरोदर असलेल्या व्यक्तीची संमती सर्वांत वरची आहे, आणि अल्पवयीन मुलीचं म्हणणं पालकांपेक्षा वेगळं असेल तर कोर्टाने ते महत्त्वाचं धरलं पाहिजे. मी ते दोनदा वाचलं. फॉर्म सी अजून तोच आहे. पण वरच्या त्या रिकाम्या ओळीकडे देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टाने बघितलं तरी.

माझ्याबरोबर पूर्वी काम करणारी केरळची सिस्टर आठवते ना, तुला मुरुक्कू आणायची ती? ती आता इंग्लंडात आहे. तिने सांगितलं, तिकडे व्हिक्टोरिया गिलिक नावाची दहा पोरांची आई कोर्टात गेली होती, की सोळाच्या आतल्या माझ्या मुलींना मला न विचारता डॉक्टरने गर्भनिरोधक द्यायचं नाही. १९८५ मध्ये ती हरली. तिथल्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने ठरवलं, की मुलीला सगळं नीट समजतंय अशी डॉक्टरची खात्री झाली तर तिची संमती पुरे. आता ती समज मोजायच्या कसोटीलाच त्या बाईचं नाव पडलंय. केस हरली, आणि नाव मात्र उलट्या बाजूला चिकटलं. मला हसू आलं, आणि पोटात गोळाही आला. म्हणजे तिथे तू पंधराची असताना डॉक्टरकडे गेली असतीस आणि मला कळलंच नसतं? सिस्टर म्हणाली, "डॉक्टर आधी मुलीला समजावतो, की आईला सांग." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?" ती म्हणाली, "तर आईने विचार करायचा, का नाही सांगितलं."

त्यानंतर बराच वेळ मी गप्प होते.

डॉक्टर व्हायचंय ना तुला, मग रखमाबाई तुला माहीत असायलाच हवी. अकराव्या वर्षी लग्न लावलेली मुंबईची पोरगी. मोठी झाल्यावर म्हणाली, त्या लग्नाला माझी संमती नव्हती, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ मध्ये खटला भरला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांचा दवाखाना चालवला. त्या गदारोळानंतर १८९१ मध्ये संमतीचं वय दहाचं बारा झालं, तेव्हा 'केसरी'तून टिळकांनी विरोध केला होता. दहाचं बारा करायला एवढा तमाशा! शाळेत आम्हाला टिळकांची शेंगांची टरफलं शिकवली, हे नाही शिकवलं.

बरं, आता तुझं-माझं.

तुझ्या आयुष्यात कुणी आहे असं समजून हे लिहीत नाहीये, रागावू नकोस. असेल तर अठरापर्यंत थांबा, हे मी सांगणारच, आई म्हणूनही आणि वर लिहिलेलं सगळं माहीत असलेली बाई म्हणूनही. त्याचंही आयुष्य त्यात आहे. पण कधी काही झालंच, तुझ्या मनाने किंवा मनाविरुद्ध, तर घड्याळ बघ. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची तातडीची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ती बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भपाताची गोळी नाही, आधीच राहिलेल्या दिवसांवर तिचा उपयोग नाही. गर्भपाताचं किट ही वेगळी गोष्ट, ती डॉक्टरशिवाय घ्यायची नाही. मेडिकलवाला मागच्या दाराने देतो. मार्चमध्ये अशाच एका पोरीला रात्री अडीचला आमच्याकडे आणलं. किटच्या गोळ्या खाऊन पाच दिवस रक्त जात होतं, मैत्रिणीने बेडशीटमध्ये गुंडाळून ऑटोत घातलेलं. वाचली. तिच्या आईला फोन मीच केला. आईचं पहिलं वाक्य होतं, "तिने मला का नाही सांगितलं?" सिस्टरचं वाक्य मला तेव्हा आठवलं, पण मी ते त्या आईला ऐकवलं नाही.

मला सांगितलंस तर मी चिडणार नाही असं वचन देत नाही. मी चिडेन. कदाचित रडेनही, तुझ्या पप्पांना घाम फुटेल. पण सही द्यायची वेळ आली तर ती तुझ्या रडण्यावर, मार्कांवर किंवा माझ्या रागावर अडवून ठेवणार नाही. आधी तुला विचारेन, तुला काय हवंय, आणि उत्तर येईपर्यंत पेन उघडणार नाही. खोटं वय लिहायला मात्र सांगू नकोस, ते मला जमणार नाही. बाकी जे कायद्यात बसतं ते सगळं करू, नाव न देता कळवायची ती वाटसुद्धा.

आणि मला सांगवलं नाही, तर लातूरची मावशी आहे. मी तिच्याशी बोलून ठेवलंय. "मनू आली तर मला फोन करायच्या आधी तिचं पूर्ण ऐक," एवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण पोरीने असं काही..." मी म्हटलं, "काहीच नाही गं, पण दार उघडं ठेव." तिने हो म्हटलंय. तिचं 'हो' पक्कं असतं, तुला माहीत आहे.

तुझ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीचं तर माझ्याकडूनच राहून गेलं. चौदापर्यंत दोन डोस पुरले असते, मी आज-उद्या करत बसले, आता पंधराच्या पुढे तीन घ्यावे लागतील. पुण्यातच बनते ती आता. दिवाळीला आलीस की पहिला घेऊ, पण आधी वाचून ये आणि तुला घ्यायची आहे की नाही ते मला सांग.

पिशवीत पॅडच्या खाली एक झेरॉक्स आहे, घडी घातलेली. तो सातवा कागद. तुमच्या क्लार्कला फोन केला तर त्याने मला संशयाने विचारलं, "कशाला पाहिजे, मॅडम?" मी म्हटलं, फाईलला. माझ्या सहीच्या खाली मी पट्टी धरून एक रेघ मारलीये. कागद ऑफिसच्या कामाचा नाही, त्याला कुठे किंमत नाही. तरी वरचा मजकूर नीट वाच, पटला तर रेघेवर सही कर. पटला नाही तर काय बदलायचं ते बाजूला लिही आणि लाडूचा रिकामा डबा परत पाठवशील त्यात घाल. डबा धुऊन पाठव, मागच्या वेळचा तुपकट आला होता.

तुझी,
मम्मी